द ईगल, फॅरिंग्डन रोड: हॉटेल झालं तरी पब तो पबच

लंडनमध्ये ‘द ईगल’ असं मॅपवर टाकलं तर एकाहून जास्त निघतात, इंग्लंडभरात तर विचारूच नका. केंब्रिजमधला ईगल सगळ्यात फेमस, कारण १९५३ च्या फेब्रुवारीत फ्रान्सिस क्रिकने डीएनएची रचना सापडल्याची बातमी दुपारच्या जेवणाच्या वेळी तिथेच फोडली होती. मी लिहितोय तो तो नव्हे. हा लंडनच्या क्लार्कनवेलमधला, १५९ फॅरिंग्डन रोड, बेकर्स रोच्या कोपऱ्यावरचा. इथे कसला शोधबिध लागला नाही, पण आज इंग्लंडमधल्या कुठल्याही गावच्या पबमध्ये शिरून खडूने लिहिलेल्या फळ्यावरून तुम्ही रिसोटो नाहीतर भाजलेला मासा मागवत असाल, तर त्या प्रकाराची सुरुवात बऱ्यापैकी याच एका खोलीत झाली, १९९१ साली. ज्याला नंतर गॅस्ट्रोपब म्हणायला लागले तो हा पहिला.

ज्यांना फक्त जावं की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. जा. दोघं-तिघं जा, आठ-दहा जणांचं लटांबर नेऊ नका, भूक ठेवून जा, आणि बीफ खात असाल तर डोळे मिटून बिफे आना (इथलं स्टेक सँडविच) मागवा. बाकीचं खाली वाचा नाही वाचलंत तरी चालेल. पण इथे येऊन ‘हे काय, साधंच तर आहे’ म्हणणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांना हे साधं का आहे तेच माहीत नसतं, म्हणून हा सगळा प्रपंच.

तर मुळात पबमध्ये जेवायला मिळायचंच नाही असं नाही हं. मिळायचं, पण कसं? काउंटरवर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या उकडलेल्या अंड्यांची बरणी, क्रिस्प्सची पाकिटं, डुकराच्या चामडीचे तळलेले कडक तुकडे, फार तर पाव-चीज-लोणचं अशी प्लेट जिला प्लाउमन्स लंच म्हणतात (नावावरून वाटतं शेतकरी पिढ्यानपिढ्या हेच खात आले असतील, पण या नावाखाली ते खपवलं चीज विकणाऱ्यांनी, विसाव्या शतकात). साठ-सत्तरच्या दशकात टोपलीत चिकन आणि चिप्स देणं ही चैन होती. पब म्हणजे पिण्याची जागा, खाणं हे पिणं जास्त वेळ चालावं म्हणून. त्यात दुपारी पब बंद. पहिल्या महायुद्धात कारखान्यातली माणसं दुपारी पिऊन कामावर यायला नकोत म्हणून सरकारने दुपारची बंदी आणली आणि युद्ध संपलं तरी ती उठवायला कोणाला सवडच झाली नाही, तब्बल १९८८ पर्यंत! त्या वर्षी कायदा बदलला आणि सकाळी अकरा ते रात्री अकरा पब सलग उघडा ठेवायची परवानगी मिळाली. आता दिवसभर दार उघडं ठेवायचं तर दुपारी गिऱ्हाईक यायला काहीतरी कारण पाहिजे ना, ते कारण म्हणजे जेवण.

पण खरा दणका पुढच्या वर्षी बसला. इथल्या पबचा धंदा कसा चालायचा ते समजून घ्या. बहुतेक पब ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे, चालवणारा भाडेकरू, आणि त्याने बिअर घ्यायची ती त्याच ब्रुअरीची, ती सांगेल त्या भावाने, दुसरी आणलीस तर बाहेर हो. याला टाय म्हणतात. बास, अलाइड, ग्रँड मेट्रोपॉलिटन, व्हिटब्रेड, करेज, स्कॉटिश अँड न्यूकॅसल या सहा जणांनी देशातली साधारण पाऊण बिअर आपल्या हातात ठेवलेली. १९८९ मध्ये मोनोपोलीज अँड मर्जर्स कमिशनने, म्हणजे मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या मंडळाने, यावर रिपोर्ट दिला आणि सरकारने हुकूम काढला की ज्याच्याकडे दोन हजारांपेक्षा जास्त पब आहेत त्याने वरच्यांपैकी निम्मे मोकळे करायचे, नोव्हेंबर १९९२ च्या आत, विका नाहीतर टाय सोडा. साधारण अकरा हजार पबचा प्रश्न होता. गंमत बघा, हुकूम काढला होता गिऱ्हाइकाला बिअर स्वस्त मिळावी, चॉइस मिळावा म्हणून, आणि झालं काय तर ब्रुअरीवाल्यांनी हजारोंनी पब विकले, ते नव्या पब कंपन्यांनी घाऊक भावात उचलले, त्यांनी भाडेकरूला पुन्हा तसंच बांधलं, आणि बिअर काही स्वस्त झाली नाही ती नाहीच. सरकारी कायदा आणि त्याचा फायदा भलत्यालाच, हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका.

या उलथापालथीत एक फायदा मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसताना झाला. ज्या पबात कुत्रं फिरकत नव्हतं असे पब छोट्या माणसाला परवडतील अशा भाड्याने मिळायला लागले. माइक बेल्बेन आणि डेव्हिड आयर ही अशीच दोन माणसं. दोघांना खरं म्हणजे रेस्टॉरंट काढायचं होतं, पण लंडनमध्ये रेस्टॉरंट काढायला लागतो तेवढा पैसा खिशात नव्हता. पब परवडत होता, म्हणून पब घेतला. कुठलं व्हिजन नाही, कुठला कन्सेप्ट नाही, पैसे नव्हते म्हणून. माझ्या मते ईगलची सगळी गोष्ट यातच आहे, पुढचं सगळं यातूनच निघालं.

जागा पण तशीच मिळाली. आज क्लार्कनवेलमध्ये आर्किटेक्टची ऑफिसं, डिझायनर दिव्यांची दुकानं आणि लाखो पौंडांचे फ्लॅट दिसतात, पण तेव्हा हा भाग म्हणजे छापखाने, घड्याळं-दागिन्यांची वर्कशॉप, रिकामी गोदामं आणि माउंट प्लेझंटचं पोस्टाचं अवाढव्य सॉर्टिंग ऑफिस. त्याआधी इथे इटालियन वस्ती, क्लार्कनवेल रोडवरचं त्यांचं सेंट पीटर्स चर्च १८६३ चं, त्याच वर्षी पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. आणि फॅरिंग्डन रोडच्या पोटातून फ्लीट नदी वाहते, अजूनही, गटार होऊन. रस्ता वळतो तो उगाच वळत नाही, नदीच्या वळणानेच वळतो. संध्याकाळनंतर आणि शनिवार-रविवारी या भागात शुकशुकाट असायचा म्हणे. अशा ठिकाणी मंदीच्या ऐन मोसमात जेवणाचं दुकान थाटायचं म्हणजे एकतर वेडेपणा नाहीतर नाइलाज.

मग त्यांनी केलं काय? जे परवडलं ते. वेगळं किचन बांधायला जागाही नाही पैसाही नाही, म्हणून बारचाच अर्धा काउंटर किचन केला. डावी-उजवी करत बसत नाही, आत शिरलात की समोरच दिसतं, एकीकडे बिअरचे नळ आणि दुसरीकडे त्याच ओळीत ग्रिल, गॅस, पॅन, आणि तिथे उभा राहून रांधणारा माणूस. टेबल-खुर्च्या जुन्या बाजारातून आणलेल्या, एकीला दुसरीचा पत्ता नाही. टेबलक्लॉथ नाही. प्लेटांचा सेट नाही. छापील मेन्यू नाही, फळ्यावर खडूने लिहायचं, बाजारात जे बरं मिळालं त्यावरून दुपारचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं. वेटर नाही, काउंटरवर जाऊन सांगा, पैसे द्या, जागा मिळेल तिथे बसा. स्टार्टर-मेन-डेझर्ट अशी शिस्त नाही, एक मोठी भरगच्च प्लेट घ्या, पोट भरा. आज हे सगळं स्टाइल म्हणून विकलं जातं, इंटिरियर डिझायनरला पैसे देऊन मुद्दाम न जुळणाऱ्या खुर्च्या आणतात लोक. इथे ती स्टाइल नव्हती, काटकसर होती.

आणि आजही ते तसंच आहे म्हणून मला आवडतं. पुन्हा रंगरंगोटी करून ‘ओरिजिनल गॅस्ट्रोपब’ अशी पाटी लावून, भिंतीवर जुने फोटो टांगून, म्युझियम करता आलं असतं की. तसलं काही नाही. लाकडी जमीन झिजलेली आहे, मोठ्या खिडक्यांतून रस्त्यावरची बस दिसते, आवाज भरपूर, कपड्यांना ग्रिलचा वास लागतो. ज्यांना हळू आवाजात गप्पा मारत कॅन्डललाइट डिनर करायचंय त्यांच्यासाठी लंडनमध्ये हजार जागा आहेत, ही नव्हे. वरच्या मजल्यावर चित्रांची गॅलरी आहे, ईगल गॅलरी, ती पण १९९१ पासूनची, छोटीशीच आहे पण जेवण यायच्या आधी किंवा नंतर डोकवायला हरकत नाही.

आता खाण्याबद्दल. फळा रोज बदलतो त्यामुळे ‘हे घ्या ते घ्या’ असं सांगण्यात अर्थ नाही, पण एक गोष्ट फळ्यावर सुरुवातीपासून टिकून आहे ती म्हणजे बिफे आना, स्टेक सँडविच. आमच्या नशिबाने काउंटरला चिकटून टेबल मिळालं होतं, त्यामुळे मी ते बनताना नीट बघितलं. रम्प स्टेकचे पातळ काप आधीच मुरवून ठेवलेले असतात, कांदा, लसूण, सुकी लाल मिरची, तमालपत्र, पार्सली, ओरेगॅनो, रेड वाइन आणि ऑलिव्ह ऑइल. पॅन इतका तापवतात की काप टाकल्या टाकल्या धूर. दोन्ही बाजूंनी जेमतेम, मग मांस बाहेर, आणि त्याच पॅनमध्ये मुरवणातला कांदा आणि सगळं उरलेलं पाणी ओतायचं, ते फसफसून आटत आटत चकचकीत होईपर्यंत. तोवर कडक सालीचा लांबट पाव चिरून त्यात लेट्यूसची पानं, त्यावर स्टेक, आणि वर तो कांदा रसासकट. बस. सॉस नाही, चीज नाही, बाजूला चिप्सचा डोंगर नाही. हातात घेतलं की मनगटापर्यंत रस येतो, त्यामुळे पांढरा शर्ट घालून जाऊ नका आणि काटा-चमचा शोधत बसू नका.

लंडनच्या पबात हे पोर्तुगीज सँडविच आलं कुठून, तर डेव्हिड आयर मोझांबिकमध्ये वाढलेला. म्हणजे हा पदार्थ ब्रिटिश नाही, फ्रेंच नाही, पोर्तुगालची बिफाना मोझांबिकमधून फिरून आलेली. आणि इथेच आपल्या लोकांचा कान टवकारतो. कारण १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता, गोव्याची माणसं तिकडे पिढ्यानपिढ्या नोकरीधंद्याला, आणि आपण गोव्यात जाऊन जे काफ्रियाल चिकन खातो ते तिकडूनच आलं असं सांगतात. माझी बायको म्हापशाची. तिने पहिला घास घेतला आणि थांबली, म्हटली हा लसूण-मिरचीचा वास ओळखीचा आहे रे. मग अर्धं संपल्यावर तक्रारही केली, “पाव कडक आहे, पोई असती तर सगळा रस आत ओढून घेतला असता.” आता गोव्याच्या माणसाला पावाच्या बाबतीत खूश करणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही, ते सोडा. पण बाकी एकूण फळ्यावर जे असतं त्याचा सूर असाच, इटली-स्पेन-पोर्तुगालकडचा. सॉसेज आणि डाळीसारखं काहीतरी, ग्रिल केलेला मासा, पास्ता, भाजलेलं डुक्कर. ठसकेबाज, जरा रांगडं. आयरने नंतर ईगलच्या जेवणावर पुस्तक केलं त्याच्या नावातच मोठ्या चवी आणि खडबडीत कडा असं आहे, तेवढं वर्णन पुरे.

धंदा कसा चालला? एक तर चव. दुसरं, शेजार. ११९ फॅरिंग्डन रोडवर म्हणजे चालत दोन मिनिटांवर गार्डियन पेपरचं ऑफिस होतं, १९७६ पासून २००८ पर्यंत. आता मला सांगा, पत्रकारांच्या ऑफिसशेजारी चांगलं आणि परवडणारं जेवण देणारा पब निघाला तर त्याची जाहिरात वेगळी करावी लागते का? हा भाग मला वाटतं लोक विसरतात, हाच पब लंडनच्या पार टोकाला क्रॉयडनला निघाला असता तर कदाचित कोणाला कळलाही नसता. गॅस्ट्रोपब हे नाव मात्र मालकांनी दिलेलं नाही, ते नव्वदच्या दशकात रूढ झालं, चार्ल्स कॅम्पियन नावाच्या खाण्यावर लिहिणाऱ्याला त्याचं श्रेय देतात.

आणि इथून शिकून बाहेर पडलेली माणसं तर बघा. इथून हाकेच्या अंतरावर एक्समथ मार्केटमध्ये १९९७ ला मोरो निघालं, स्पेन आणि उत्तर आफ्रिकेकडचं जेवण, त्यातल्या सॅम क्लार्कने ईगलच्या ग्रिलवर काम केलेलं. वॉटरलूजवळ द कट रस्त्यावर अँकर अँड होप, तो पण ईगल आणि सेंट जॉन रेस्टॉरंट इथे तयार झालेल्या लोकांचा. टॉम नॉरिंग्टन-डेव्हिस इथे हेड शेफ होता, मग ग्रेट क्वीन स्ट्रीट काढलं. आयर स्वतः बाहेर पडून भावाबरोबर शोरडिचला आयर ब्रदर्स काढून बसला, २००१ मध्ये. एका छोट्या पबच्या अर्ध्या काउंटरमधून एवढं निघणं म्हणजे कमालच.

मग व्हायचं तेच झालं. सगळेच गॅस्ट्रोपब झाले. १ जुलै २००७ ला इंग्लंडमध्ये पबात सिगरेट बंद झाली, नुसतं प्यायला आणि ओढायला येणारे कमी झाले, सुपरमार्केटमध्ये बिअर पबपेक्षा कितीतरी स्वस्त, त्यामुळे पब वाचवायचा तर किचन टाका हाच एक मंत्र उरला. १९९० च्या आसपास या देशात साठ हजारांच्या वर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास. टिकले त्यातले पुष्कळसे जेवणावर टिकले. २०१० मध्ये फुलहॅमच्या हारवूड आर्म्सला मिशलिन स्टार मिळाला, लंडनच्या पबला पहिल्यांदाच, पुढे मार्लोच्या हँड अँड फ्लॉवर्सला तर दोन. आणि २०११ मध्ये गुड फूड गाइड या रेस्टॉरंटांवरच्या ब्रिटिश गाइडने गॅस्ट्रोपब हा शब्दच टाकून दिला, इतका तो गुळगुळीत झाला होता, तर बरोब्बर पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टरने तो डिक्शनरीत घेतला. इकडे तेरावं आणि तिकडे बारसं!

गुळगुळीत म्हणजे काय ते मी खाल्लंय. आमच्या घराजवळ एका साखळीचा पब आहे, नाव घेत नाही, फळा आहे, खडूचं अक्षर आहे, पण नीट बघितलं तर अक्षर छापलेलं! म्हणजे फॅक्टरीतून प्रिंट होऊन आलेला फळा, पुसला तरी पुसला जाणार नाही. बर्गर स्लेटच्या दगडावर, चिप्स इवल्याशा पत्र्याच्या बादलीत, आणि लसान्या मधोमध थंडगार. ईगलमध्ये डिश संपली की बारवरचा माणूस कापडाने ती ओळ पुसतो. आमच्यासमोर पुसली, आमच्या मागच्या माणसाला हवी होती तीच, तो म्हणाला ठीक आहे आणि दुसरं काहीतरी घेतलं. मला विचाराल तर खरा गॅस्ट्रोपब ओळखायची हीच परीक्षा, फळा पुसतात का.

बरं, इंग्लंडमध्ये पबचं हॉटेल व्हायचा हा एकच रस्ता नव्हे, हे आपल्या लोकांनी तरी लक्षात ठेवावं. केन्सिंग्टनचा चर्चिल आर्म्स, जो बाहेरून फुलांच्या कुंड्यांनी झाकून गेलाय आणि ज्याचे फोटो प्रत्येक टुरिस्टच्या फोनमध्ये असतात, तिथे मागच्या खोलीत थाई जेवण मिळतं आणि ते ईगलच्याही आधीपासून, ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून. आणि बर्मिंगहॅमच्या बाजूला, स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच इकडे देसी पब. तिथली गोष्ट तर अजून वेगळी. साठच्या दशकात तिथल्या पुष्कळ पबमध्ये काळ्या-सावळ्या माणसाला लाउंजमध्ये, म्हणजे चांगल्या बैठकीच्या खोलीत बसू द्यायचे नाहीत. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतला काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा पुढारी माल्कम एक्स स्मेदिकला आला, इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या लोकांनी बोलावलं होतं, त्याला घेऊन ते ब्लू गेट्स पबमध्ये गेले आणि तिथे त्यालाही त्या खोलीत काही द्यायला नकार दिला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षी वंशभेदाविरुद्धचा कायदा आला. आणि पुढे फाउंड्रीमध्ये राबलेल्या पंजाबी लोकांनी तसलेच पब चालवायला घेतले, विकत घेतले, काउंटरमागे तंदूर टाकला, आणि आज तिथे गोरे-काळे सगळे गरम लोखंडी तव्यावर मिक्स ग्रिल खायला रांग लावतात. तिथल्या एखाद्या पबवर वेगळं लिहायचंय, ते नंतर.

सांगायचा मुद्दा, पबमध्ये चांगलं जेवण ईगलने पहिल्यांदा दिलं असा दावा कोणी केला तर मान्य करू नका. ईगलने जे केलं ते असं की जेवण रेस्टॉरंटच्या तोडीचं दिलं आणि पब मोडला नाही. आपल्याकडे परमिट रूमचं फॅमिली रेस्टॉरंट होतं तेव्हा पहिलं काम काय करतात, पार्टिशन टाकतात. खाली अंधार, लाल दिवे, शेंगदाणे आणि पिणारे, वर एसी फॅमिली सेक्शन, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परमिटचा जो शिक्का मारला तो अजून डोक्यातून गेला नाही आपल्या. माझा मावसभाऊ कोल्हापूरहून आला होता, त्याला इथे नेलं तर दारातच थबकला, “दादा, हा बार आहे का हॉटेल आहे? वहिनी चालतील ना आत?” वहिनी त्याच्याआधी आत जाऊन टेबल पकडून बसल्या होत्या. आमच्याच टेबलावर पलीकडे एक आजोबा एकच पाइंट घेऊन पेपर वाचत बसले होते, त्यांच्या शेजारी ऑफिसातली दोन पोरं प्लेटभर मासा खात होती, आणि जेवणाची ऑर्डर दिली नाही म्हणून त्या आजोबांना कोणी उठवलं नाही. भल्याभल्या गॅस्ट्रोपबात हे होत नाही, संध्याकाळी सात वाजले की सगळी टेबलं ‘रिझर्व्ह्ड’ आणि नुसतं पिणारा माणूस बाहेर फुटपाथवर. मावसभावाने नंतर दोन पाइंट आणि एक अख्खं बिफे आना संपवलं आणि गावी सांगू नका म्हणाला, ते इथे लिहितोय.

व्हेज मंडळींसाठी. खरं सांगायचं तर तुमच्यासाठी ही पहिली चॉइस नव्हे. मेन्यू एकूणच छोटा, त्यात मटण-मासे जास्त, व्हेज एखाद-दुसरी डिश, ती पण त्या दिवशी फळ्यावर जे असेल ते. आणि जैन वगैरे असाल तर सोडूनच द्या, इथे कांदा-लसणाशिवाय पान हलत नाही. सगळे व्हेज असाल आणि लंडनमध्ये पोटभर आपलं खायचं असेल तर हाउन्स्लोला वडापाव खा, ज्याचं त्याने खावं.

पैशाचं म्हणाल तर मेन डिश साधारण वीस पौंडांच्या अलीकडे-पलीकडे. १९९१ मध्ये स्वस्त म्हणून नाव झालेल्या जागेला आज स्वस्त म्हणता येणार नाही, पण या भागात आता काहीच स्वस्त नाही, आणि प्लेट मोठी असते, स्टार्टरच्या भानगडीत पडायची गरज नसते, त्यामुळे दोघांचं बिल शेवटी बरं बसतं. वाइन ग्लासने घ्या, साधी घ्या, या जेवणाबरोबर महागडी वाइन घेणं म्हणजे उगाच. दुपारी एकच्या ठोक्याला गेलात तर आजूबाजूच्या ऑफिसची गर्दी तुमच्या आधी पोचलेली असते. साडेबाराला जा नाहीतर सरळ दोननंतर, पण दोननंतर फळ्यावरच्या दोन-तीन ओळी पुसलेल्या असतील हे धरून चला. मोठा ग्रुप असेल तर आधी फोन करा.

फॅरिंग्डन स्टेशनवरून चालत दहा मिनिटं, एलिझाबेथ लाइनमुळे आता हीथ्रोवरून सुद्धा सरळ येता येतं. जेवून झाल्यावर लगेच ट्यूब पकडू नका, माउंट प्लेझंटला पोस्टाचं म्युझियम आहे, २०१७ मध्ये उघडलंय, जमिनीखालून टपाल नेणारी चिमुकली रेल्वे होती तिच्यात बसवून फिरवतात, पोरं खूश. नाहीतर दुसऱ्या बाजूला क्लार्कनवेल ग्रीनवर मार्क्स मेमोरियल लायब्ररी आहे, १९०२-०३ मध्ये लेनिन याच इमारतीत बसून इस्क्रा नावाचा पेपर काढायचा. तिथून क्लार्कनवेल रोडवर टेरोनी नावाचं इटालियन दुकान, १८७८ पासूनचं, कॉफी तिथे प्या, ईगलमध्ये नका पिऊ, टेबल अडवून बसाल आणि दारात कोणीतरी भुकेलं उभं असेल.